निघण्याआधीची कामं

एवढ्याशा ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराच्या, भिंतीत एसी बसवणं म्हणजे काड्यापेटीला खिडकी पाडणं. बाहेरून पातळ पत्रा, आतून प्लाय, मध्ये बोटभर जाडीच्या लाकडी पट्ट्या. छतावर बसवावा तर आमच्या जुन्या ट्रेलरचं छत आधीच खचलेलं. म्हणून मागची भिंत कापायची, वजन लोखंडी पायांवर घ्यायचं आणि एसीची पाठ बाहेर मोकळी ठेवायची. आतली उष्णता तो पाठीतून बाहेर फेकतो. पाठ कोंडली की संपलं. हे मी गिऱ्हाइकांना ओरडून सांगते. एसी-फ्रिज दुरुस्तीचं माझं दुकान आहे आणि तोंड फटकळ आहे. गिऱ्हाइकं दोन्ही ओळखून आहेत.

हा एसी मात्र बाबांसाठी होता. आई असताना दोघं हा ट्रेलर गाडीमागे जोडून सुट्टी मिळाली की निघायची. आई गेली, मग बाबांचं विसरणं वाढत गेलं. दुकानावरच्या माझ्या खोलीत त्यांना दार सापडेना, जिना उतरवेना. ट्रेलरमध्ये मात्र डोळे मिटूनही चहाचा कप हाताला लागायचा. म्हणून दुकानामागच्या अंगणात ट्रेलर उभा केला आणि बाबा त्यात राहायला गेले. तिथे ते बाबा होते. बाकी सगळीकडे ते घाबरलेले म्हातारे होते.

अडचण उन्हाची. औषधांमुळे त्यांना घाम यायचा बंद झाला होता आणि मागच्या उन्हाळ्यात ते ट्रेलरमध्ये बेशुद्ध सापडले. तेव्हा दादा फोनवर म्हणाला, "पुन्हा असं झालं तर मी तुझं काही ऐकणार नाही. त्यांना वृद्धाश्रमात ठेवायचं."

"होणार नाही," मी म्हटलं. "हा माझाच धंदा आहे."

मी भिंत कापत होते तेव्हा बाबा खुर्ची टाकून देखरेखीला बसले. ते मला पक्कड म्हणतात, कारण लहानपणी धरलेली वस्तू मी सोडत नसे.

"पक्कड, झाकण कुठाय याचं?"

"कसलं झाकण?"

"प्रवासात धूळ आत येईल की! तुझी आई मला फाडून खाईल."

प्रवास कसला आणि काय. पण माणूस इतका खुशीत होता की मी पत्र्याचं झाकण केलं, बिजागरी लावली, वर कडी बसवली. एसी सुरू झाला. बाबांनी डोक्यावरचा ओला टॉवेल काढला आणि लहान मुलासारखे झोपी गेले. माझ्या जिवात जीव आला.

ऊन खरं तापलं त्या दुपारी मी दुकानात फ्रिज उघडून बसले होते आणि एकदम जाणवलं की मागून घरघर ऐकू येत नाही. धावत गेले. एसीचं झाकण लावलेलं. विजेची वायर काढून, छान वेटोळं करून खुंटीला. छताचा झरोका बंद, खिडक्या बंद, कप टॉवेलात गुंडाळून खणात. आणि बाबा बूट घालून पलंगाच्या कडेला बसलेले. तोंड लालबुंद, अंग कोरडं ठणठणीत.

"आलीस? तुझी आई हात धुवायला गेलीय. ती आली की निघू."

निघण्याआधीची सगळी कामं त्यांनी केली होती. एकही चुकलं नव्हतं.

मी झाकण उपटून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एसीच्या पाठीवर गादी बांधली, अशी गाठ मारून की मला कात्री आणावी लागली. प्लगला पेटी करून कुलूप घातलं, तर त्यांनी आतलं बटण शोधलं. बूट लपवले, तर अनवाणी बसले. शेजारच्या शिंपीणबाईंना लक्ष ठेवायला बसवलं, तर त्या वायर गुंडाळायला मदत करताना सापडल्या.

"अहो, ते इतक्या गोडीनं म्हणाले," शिंपीणबाई म्हणाल्या, "मला वाटलं खरंच कुठेतरी निघालाय तुम्ही."

शेवटी मी त्यांना सांगितलं, की बाबा, आई गेली. येणार नाही आता. ते ढसाढसा रडले, जणू आत्ताच कळलंय. संध्याकाळी पुन्हा कप गुंडाळायला लागले. पुन्हा सांगायची माझी छाती झाली नाही. मी काम बंद ठेवून त्यांच्याजवळ बसायला लागले. पण मी बसले की ते जास्तच घाई करायचे. मुलगी तयार आहे, मग उशीर कशाला?

मी जेमतेम आंघोळीला वर गेले तेवढ्यात ते झालं. दार आतून लावून घेतलं होतं. पहारीनं उघडलं, तर सगळं बंद करून बाबा आत बेशुद्ध. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, वाचले हेच नशीब.

दादा आला. मी भांडायच्या तयारीत होते.

"बोल ना," मी म्हटलं. "रागव की."

"कशाला? तू काय कमी केलंस?"

त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी हात टेकले. त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी रडले की इस्पितळातली आया पाणी घेऊन आली.

वृद्धाश्रम चांगला आहे, खोटं कशाला बोलू? छतातून गार हवा येते. खिडक्या उघडतच नाहीत, बटणं बाहेर ऑफिसात आहेत. बाबांच्या खोलीत बंद करण्यासारखं काही नाही, गुंडाळण्यासारखं काही नाही. मी भेटायला गेले की ते खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलेले असतात. बूट पलंगाखाली.

"अगदी शहाणे आहेत हो तुमचे बाबा," तिथली नर्स कौतुकानं म्हणाली. "काही म्हणजे काही त्रास नाही."

मला तिची मान धरावीशी वाटली. तो त्रास म्हणजेच माझे बाबा होते, हे तिला कसं कळणार? नर्स गेल्यावर मी खुर्ची जवळ ओढली. ज्या शब्दांना उन्हाळाभर घाबरले होते, तेच त्यांच्या कानाशी म्हटले.

"बाबा, आई आलीय. निघायचं का?"

त्यांनी मान वर केली. क्षणभर डोळ्यांत ते आले, माझे बाबा. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, छताकडे पाहिलं, बंद काचेतून बाहेर पाहिलं. मग मला समजावल्यासारखं हळूच विचारलं,

"कशात बसून?"

खोली अगदी हवी तेवढी गार होती.