काचेमागचे सर

मी एक जुना एकतर्फी आरसा आहे. माझी मूळ इच्छा न्हाव्याच्या दुकानात जायची होती. पण कारखान्यात माझ्या पाठीवरचा थर इतका पातळ बसला, की मी धड आरसा झालो नाही आणि धड खिडकीही. अशांना विद्यापीठात नोकरी लागते.

माझी नेमणूक वाचा-उपचाराच्या विभागात झाली. बोलण्यात, ऐकण्यात अडचण असलेल्या माणसांवर उपचार कसे करावेत, ते इथे शिकवतात. मी दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत आहे. एका बाजूला उजेडाची खोली. तिथे टेबलावर चित्रांचे पत्ते मांडून विद्यार्थी रुग्णाशी बोलतात. दुसऱ्या बाजूला अंधारी खोली. तिथे बसून सर सगळं पाहतात आणि लहान स्पीकरवर ऐकतात. उजेडातल्यांना माझ्यात फक्त स्वतःचा चेहरा दिसतो. ही सगळी जादू अंधारावर चालते, म्हणून त्या खोलीतल्या बटणाशेजारी कागद चिकटवला आहे: उपचार चालू असताना दिवा लावू नये.

सुरुवातीची वर्षं मानाची गेली. एका लहान मुलाला पहिल्यांदा 'र' म्हणता आला, तेव्हा मागे अंधारात बसलेल्या तेव्हाच्या म्हाताऱ्या शिक्षिका बाई माझ्यावर हात ठेवून रडल्या होत्या. त्या पंजाचा ठसा आठवडाभर माझ्यावर होता. मी तक्रार केली नाही.

मग त्या बाई निवृत्त झाल्या आणि सर आले.

मित्रांनो, सर अंधारात बसून रुग्णांच्या नकला करायचे. अडखळणारी शाळकरी मुलगी, आवाज बसलेला गवंडी, कोणी सुटलं नाही. माझ्यापासून वीतभर अंतरावर ते तोंड वेडंवाकडं करायचे. त्यांच्या बाजूने मी खिडकी असल्यामुळे त्यांना तो चेहरा कधी दिसला नाही. मला अकरा वर्षं दिसला. त्या काळात मी सुडाचे पुष्कळ बेत आखले. निखळून त्यांच्या पायावर पडावं, तर त्यांचे बूट जाड. रागाने तडकावं, तर मला बदलतील आणि सर राहतील. शेवटी मी वाट पाहायचं ठरवलं. भिंतीत बसलेल्याला दुसरा उद्योगही नसतो.

यंदा शेवटच्या वर्षाला एक मुलगी होती. ती स्वतःच अडखळायची. शब्द अडला की म्हणायची, "थांबा, बोलते." वर्गाने तिचं नाव थांबाताई पाडलं. तिच्याकडे आलेले आजोबा फुटबॉलचे निवृत्त पंच होते. मेंदूतल्या रक्तस्रावानंतर त्यांचे सगळे शब्द गेले, फक्त "बरं का" उरलं. खूश झाले की बरं का, चिडले की बरं का.

सरांनी तिला अट घातली. "समोर असलेल्या एका तरी गोष्टीचं नाव त्यांनी मदतीशिवाय घेतलं पाहिजे. नाहीतर नापास. जिला स्वतःला बोलता येत नाही, ती दुसऱ्याला काय बोलतं करणार?"

"थां... थांबा, सर..."

"थांबलोय की. तीन वर्षं थांबलोय."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सरांनी पहिल्या वर्षाची वीस मुलं निरीक्षणासाठी अंधाऱ्या खोलीत बसवली. उजेडात आजोबा, त्यांची सून आणि थांबाताई. टेबलावर एकच पत्ता.

"बाबा, नीट बघा. काय आहे हे?" सून म्हणाली.

"बरं का."

"काल घरी बरोबर किल्ली म्हणाले हो."

"तुम्ही स-सांगू नका ना. ती मदत धरतात."

"मी कुठे सांगितलं?"

"आत्ता. किल्ली."

"अगंबाई."

पत्ता बाद झाला. पाच मिनिटं उरली होती. इकडे सरांना भलताच उत्साह चढला. ते माझ्याजवळ आडवे उभे राहिले, एक गाल मुलांकडे, एक गाल माझ्याकडे. आजोबांची नक्कल म्हणून त्यांनी जबडा लोंबवला, जीभ बाहेर काढली, एक हात कोपरात वाकडा केला. काही मुलं हसली. गुण सरांच्या हातात होते.

मागच्या रांगेतून एक मुलगी म्हणाली, "सर, इथून नीट दिसत नाही."

सरांमधला कलावंत हळवा होता. त्यांनी हात लांबवून बटण दाबलं.

मित्रांनो, मी काहीही केलं नाही. दोन्हीकडे उजेड झाला आणि मी साधी काच झालो, एवढंच. अकरा वर्षांत इतकं समाधान मला कशात मिळालं नव्हतं.

आजोबांनी मान वर केली. जीभ बाहेर काढलेल्या सरांकडे त्यांनी शांतपणे पाहिलं. मग मैदानावर दाखवत असतील तसं बोट दाखवलं आणि स्वच्छ म्हणाले, "माकड."

"बाबा," सून पुटपुटली.

थांबाताईने वळून पाहिलं. सर तसेच होते, जीभ आत घ्यायचं राहून गेलं होतं. मग तिने निकालाचा तक्ता पुढे ओढला आणि पेन उचललं. शब्द: माकड. मदत: नाही. समोर होतं का: होय.

तक्ता घेऊन ती अंधाऱ्या खोलीत आली. तिथे आता भरपूर उजेड होता.

"हे उत्तर चूक आहे," सर म्हणाले.

"च... थांबा, बोलते."

वीस मुलं थांबली. सरही थांबले.

"चूक असेल तर शेवटच्या ओळीत ख-खरं नाव लिहायचं असतं, सर. समोर काय होतं त्याचं."

तो तक्ता सरांनीच तयार केला होता. त्यांनी ती ओळ वाचली. पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. आपलं नाव आणि माकड यांत निवड करायला त्यांना चार मिनिटं लागली. मग त्यांनी 'बरोबर' वर खूण केली आणि खाली सही केली.

थांबाताई पास झाली. उत्तराची नोंद विभागाच्या दप्तरात आहे, सहीसकट.

मित्रांनो, आता माझ्या कडा काळ्या पडू लागल्या आहेत. मला कोरड्या, मऊ कापडाने पुसत जा. कोणी शब्दाशी झगडत असेल, तर तो शब्द पुरा होईपर्यंत गप्प बसत जा. तेवढं तर भिंतीलाही जमतं. आणि कोणाची नक्कल करायचीच असेल, तर खुशाल करा. फक्त आधी दिवा लावा.