मॉडच्या चोचीशी दगा

मॉड काचेजवळ यायला लागली तेव्हा ग्लेनिस टिपेटला इतका आनंद झाला की त्या दिवशी घरी जाऊन तिने नवऱ्याला तेच तेच दोनदा सांगितलं. बदकासारखी चोच असलेल्या या प्लॅटिपसला तिने स्वतःच्या हाताने जगवलं होतं. पुरात वाहून आलेली, मागचा एक पाय कायमचा अधू झालेली मॉड पुन्हा नदीत सोडण्याजोगी राहिली नव्हती. म्हणून मेलबर्नपलीकडच्या डोंगरात, ग्लेनिस कामाला होती त्या ब्रेंट कॉलार्डच्या छोट्या प्राणिबागेत तिच्यासाठी काचेचा हौद बांधला. तिथे भर दुपारीही तिन्हीसांजेइतकाच उजेड ठेवत, कारण लख्ख उजेडात ही बया बिळाबाहेर पडायची नाही. अंधारातही पडेलच याची खात्री नव्हती. बस भरभरून माणसं यायची, नुसतं पाणी बघायची आणि कुरकुरत कांगारूंकडे निघून जायची.

आणि अचानक मॉड सुधारली. ब्रेंटने माइकवरून हाक मारली की ती तडक पुढच्या काचेशी येऊन खडीत चोच खुपसायची. लोक टाळ्या पिटायचे. ग्लेनिसला वाटलं, पोरगी अखेर माणसाळली.

शंका आली ती शेपटीमुळे. प्लॅटिपसची चरबी शेपटीत साठते, त्यामुळे शेपूट गुबगुबीत असली की जनावर सुखात आहे असं समजायचं. ग्लेनिस दर सोमवारी ती चिमटीत धरून बघायची. त्या सोमवारी ती रिकाम्या पाकिटासारखी लागली. चोचीचं टोकही खरचटलं होतं. हौदात झिंगे तर भरपूर होते, निम्मे तसेच उरलेले. मग ही दिवसभर खणते तरी काय?

बाह्या सारून तिने काचेजवळची खडी उपसली. खाली तारेची दोन उघडी टोकं निघाली. ती तार हौदामागून थेट ब्रेंटच्या माइकखाली गेली होती. तिथे एक बटण होतं आणि एक छोटी बॅटरी.

ग्लेनिसला सगळा डाव कळला. पाण्यात शिरताना प्लॅटिपस डोळे, कान, नाक, सगळं मिटून घेते. मग वाट दाखवते ती चोच. झिंगा जरासा हलला तरी त्याच्या अंगातून जी कणभर वीज निघते, ती त्या चोचीला कळते. ब्रेंटने तशीच वीज बॅटरीतून सोडली होती. मॉड हाकेला येत नव्हती, जेवायला येत होती, आणि तिच्यापुढे रोज खडी वाढली जात होती. बसगाड्या वाढल्यापासून तर हे बटण दिवसभर चालूच असायचं. एवढा नीचपणा ग्लेनिसने माणसांतही क्वचित पाहिला होता.

ब्रेंट उपाहारगृहात खिम्याचा पॅटिस खात बसला होता. तो काही राक्षस नव्हता. प्रेक्षक आटले तर बाग बंद पडेल आणि मग मॉडला कोण कुठे नेऊन टाकेल कुणास ठाऊक, असं तो म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. रविवारी टीव्हीवाले येणार होते.

"एवढा रविवार होऊ दे, ग्लेन. मग बघू."

"चोच हेच तिचे डोळे आहेत, ब्रेंट. आंधळ्या बाईला जेवायला बोलावून तू तिला रोज भिंतीवर आपटतोयस."

"एवढं खुपत असेल तर दार उघडं आहे."

ग्लेनिसने नोकरी सोडली नाही. आपण गेलो तर मॉडकडे बघणार कोण? ब्रेंटला तर गांडूळ आणि शेवई यांतला फरक सांगावा लागला असता. ती नमली असं ब्रेंटने धरून चाललं. तिला इतकी वर्षं ओळखूनही त्याने ही चूक केली.

रविवारी हौदासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. ब्रेंटने केस चोपून बसवले होते. माइकवरून त्याने मॉडला लाडाने हाक मारली आणि बटण दाबलं. पाणी हललं नाही. त्याने पुन्हा दाबलं, मग दाबतच राहिला. पुढच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. ग्लेनिस पुढे आली. तिच्या हातात कापलेली तार होती.

माइक न घेताच तिने सगळं सांगून टाकलं. तार कशाची, मॉड का येते, शेपूट का आटली. ब्रेंट मध्ये बोलायला लागला तशी तिने आवाज चढवला.

"फसवलं तिला, आणि तुम्हालाही. टाळ्याच वाजवायच्या असतील तर बाहेर कांगारू आहेत. प्लॅटिपस बघायची असेल तर तो कॅमेऱ्याचा दिवा विझवा आणि गप्प बसा. ती तिच्या मर्जीने येईल, नाहीतर नाही येणार."

निम्मे लोक उठून गेले. टीव्हीवाल्याने ग्लेनिसकडे पाहिलं आणि मुकाट्याने दिवा मालवला. उरलेले जमिनीवर बसले. बराच वेळ काहीच झालं नाही. मॉड आली नाही तर नोकरी जाणार आणि मॉडही हातची जाणार, हे ग्लेनिसला पक्कं ठाऊक होतं. तरीही तार परत जोडायला ती जागची हलली नाही.

ब्रेंट तिच्या कानाशी आला. संतापाने त्याचा आवाज फाटला होता. "उद्यापासून तोंड दाखवू नकोस मला. तुला कामावरून..."

हौदाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात, काचेपासून होईल तितकं लांब, पाणी फुटलं. मॉड वर आली होती. गाल टम्म फुगलेले. माणसांकडे ढुंकूनही न बघता ती सावकाश चावत होती. एका बाईचे हात टाळीसाठी उचलले गेले आणि तिने ते स्वतःच मांडीखाली दाबून धरले.

ग्लेनिस ब्रेंटकडे वळली.

"हं, काढ आता कामावरून," ती म्हणाली. "पण हळू बोल. ती जेवते आहे."