पेलचं एकच वाक्य

दर शनिवारी सकाळी अमेरिकेतल्या डलूथ गावच्या वाचनालयात, सरोवराकडच्या मोठ्या खिडकीपाशी, तर्कवाल्यांचं टेबल भरत असे. टेबल मिसेस ट्वेट यांचं. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांना मुलांवाचून करमेना आणि मुलांना त्यांच्यावाचून, म्हणून ते सुरू झालं. विषय एकच, ‘मुकी नदी’ ही जादूची कादंबरीमाला. पाच भाग आले होते, सहावा यायचा होता. तोवर हातावर हात धरून बसायचं कशाला? तर्क लढवायचे.

टेबलाची एक रीत होती. ज्याला तर्क सुचेल त्याने तो कागदावर लिहायचा, त्या कागदाची होडी करायची आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवायची. दुसऱ्या कुणी पुस्तकाच्या आधाराने तर्क खोटा पाडला, तर मालकाने आपली होडी आपल्याच हाताने पाण्याच्या बरणीत बुडवायची. बुडवताना रडायचं नाही, आणि हसणाऱ्यांनी एकदाच हसायचं. बरणीच्या तळाशी कागदाचा लगदा चांगला चार बोटं साचला होता.

इंगा लाक्सोनेनची होडी कठड्यावरची सगळ्यांत जुनी. पानगळीत ठेवलेली, आता सरोवरावरचा बर्फ फुटायला लागला तरी कोरडी होती. उन्हाने पिवळी पडली होती, एवढंच.

‘मुकी नदी’तल्या जादूचा नियम असा की मंत्र टाकला की टाकणाऱ्याच्या तोंडचा एक शब्द नदी कायमचा घेऊन जाते. मंत्र जेवढा मोठा, तेवढे शब्द जास्त. आणि गोष्टीत पेल नावाची एक म्हातारी आहे. नदीकाठी तिची खाणावळ, शेजारी तिची होडी. राजपुत्र, चोर, चेटकिणी सगळे तिच्या दारावरून जातात, आणि पाचही भागांत ती सगळ्यांना एकच वाक्य म्हणते, “पाय पुसून आत या.” वाचणाऱ्यांना वाटतं, खडूस बाई आहे, चिखलाला वैतागलेली.

इंगाचा तर्क वेगळा होता. फार वर्षांपूर्वी महापूर अडवणारी ओरा नावाची थोर चेटकीण पुढे कुणालाच दिसली नाही. ती मेली नाही, तीच पेल आहे. पूर अडवताना तिचे सगळे शब्द गेले. उरलं ते हे एक वाक्य. त्यातच ती रागावते, माया करते, निरोप देते. आत सगळी बाई शाबूत आहे, फक्त बाहेर यायला दार एकच.

या तर्कावर इंगाचा एवढा जीव का, हे टेबलावर फक्त मिसेस ट्वेट यांना ठाऊक होतं. इंगाचे आजोबा, घरच्या फिनिश वळणाने ती त्यांना ‘उक्की’ म्हणे, मागच्या उन्हाळ्यात झटका येऊन पडले. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. आयुष्यभर मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होते. त्यांच्या तोंडी उरलं ते एकच, “कॉफी झालीय.” भूक लागली तरी कॉफी झालीय, पाठ दुखली तरी कॉफी झालीय. ख्रिसमसला कार्लमामा आला होता. स्वयंपाकघरात तो इंगाच्या आईला हळूच म्हणाला, “रीटा, मनाची तयारी कर. बाबा आता नुसते पोपटासारखे बोलतात गं. आत कुणी उरलेलं नाही.” हळूच म्हणाला खरा, पण इंगा भांडी पुसत होती.

तेव्हापासून ती पेलच्या तर्काची होडी डोळ्यांत तेल घालून राखत होती.

त्या शनिवारी मार्लन बोल्यू धापा टाकत आला, तो कोट न काढताच खुर्चीत बसला. मार्लनचे वडील लाकडाचा ट्रक चालवत. सुट्टीत तो त्यांच्यासोबत जाई आणि दोघं मिळून वाटेत फोनवर रेकॉर्ड केलेली पुस्तकं ऐकत.

“इंगा,” तो म्हणाला, “बरणी जवळ ओढ.”

“तूच ओढ. तुझ्या होड्यांनीच ती भरलीय.”

“पेल दुसरं वाक्य बोलते. दुसऱ्या भागात. ‘पुराची रात्र’ या प्रकरणात.”

मार्लनने फोन काढून मधोमध ठेवला. पुस्तक वाचणाऱ्या गृहस्थाला प्रत्येक पात्राचा वेगळा आवाज काढायची हौस होती. पेलचा आवाज त्याने डोमकावळ्यासारखा घोगरा काढला होता. त्याच घोगऱ्या आवाजात फोन म्हणाला, “सूप गरम आहे, जपून.”

कुणीतरी हसलं. मग नियम आठवून थांबलं.

“ऐकलेलं धरायचं नाही!” इंगा म्हणाली. तिचे कान लाल झाले. “पुरावा पानावरचा लागतो.”

“का? कान काय उसने आणलेत मी? शब्द न् शब्द तेच पुस्तक आहे.”

“शब्द तेच असतील. आवाज त्या माणसाचा आहे, लेखिकेचा नाही.”

“हो का? मग छापील काढा. बघू दे मलाही.”

मिसेस ट्वेट यांनी दुसरा भाग काढला, चष्मा वर सरकवला आणि वाचलं, “‘सूप गरम आहे, जपून,’ चुलीजवळची बाई म्हणाली.”

“चूल कुणाची?” मार्लनने विचारलं. “पेलची. मग चुलीजवळची बाई कोण असणार, माझी मावशी?”

या वेळी सगळेच हसले. इंगाने पुस्तक जवळ ओढलं. हे पान तिने किती वेळा वाचलं होतं! पण तिथे राजपुत्र आणि चोर यांचं कडाक्याचं भांडण चालू होतं, आणि तिची नजर दर वेळी या ओळीवरून घसरून गेली होती. तिने कठड्यावरच्या पिवळ्या होडीकडे पाहिलं.

“नाव दिलेलं नाही,” मिसेस ट्वेट शांतपणे म्हणाल्या. “म्हणजे पेल आहे असं नक्की नाही आणि नाही असंही नक्की नाही. इंगा, तुला पुढच्या शनिवारपर्यंत वेळ. मार्लन, शोध चांगला आहे. आता कोट काढ.”

सगळे गेल्यावर इंगा खुर्च्या लावत रेंगाळली. मिसेस ट्वेट तिच्याशेजारी बसल्या.

“एक सांगू? पुस्तकाबद्दलचा तर्क पुस्तकात तपासायचा असतो. उक्कींबद्दलचा तर्क उक्कींपाशी. एकाचा पुरावा दुसरीकडे चालत नाही, बाळा.”

“मला ठाऊक आहे,” इंगा म्हणाली.

ठाऊक होतं, पण पटलं नव्हतं. घरी जाताना वाटभर तिला कार्लमामाचा शब्द ऐकू येत होता. पोपट.

आठवडाभर तिने ते प्रकरण पुढून मागून चाळलं. चुलीजवळची बाई चुलीजवळची बाईच राहिली. गुरुवारी शाळेतून आल्यावर ती नेहमीसारखी उक्कींच्या खुर्चीपाशी बसली. झटक्यानंतर ती त्यांना रोज एक प्रकरण वाचून दाखवत असे, आणि पाचही भाग एकदा वाचून झाले होते. ते ऐकत, की नुसते खिडकीबाहेर बघत, हे कळायला मार्ग नव्हता. वेलदोड्याच्या पावाचा तुकडा डाव्या हातात धरून ते बसले होते.

“उक्की, ती सूपवाली बाई कोण, ते आज तुम्हीच ठरवा,” ती म्हणाली. “पुराची रात्र.”

आणि तिने प्रकरण पहिल्यापासून वाचलं. त्या ओळीपाशी आली तेव्हा, मन घट्ट करून, तिने घोगरा आवाज काढला. “सूप गरम आहे, जपून.”

“कॉफी झालीय,” उक्की म्हणाले.

“देते हं. एवढं पान होऊ दे.”

“कॉफी झालीय!” पावाचा तुकडा बशीत पडला. त्यांनी डावा हात वर केला, मूठ वळली, जणू हातात काहीतरी लटकतंय, आणि ती मूठ दाराच्या दिशेने हलवली.

आई आतून धावत आली. “काय झालं? बाहेर जायचंय का बाबांना? बाबा, बाहेर गारठा आहे हो.” तरी ती त्यांचे बूट घेऊन आली.

उक्कींनी बुटांकडे असं पाहिलं की आईने ते मुकाट्याने खाली ठेवले. मग काठीवर जोर देऊन ते स्वतः उठले, दारामागच्या खुंटीपर्यंत गेले, तिथली विजेरी काढली आणि ती उंच धरून इंगासमोर उभे राहिले. विजेरी दाखवली, दार दाखवलं. पुस्तक दाखवलं, पुन्हा दार दाखवलं. शेवटी मुलांना समजावतात तशा धीराच्या आवाजात म्हणाले, “कॉफी. झालीय.”

“विजेरी…” इंगा पुटपुटली. “दार. उजेड घेऊन कुणी बाहेर… उक्की, कंदील?”

उक्कींनी डोळे मिटले. सुटलो, असा तो चेहरा होता.

ती पानं उलटी चाळू लागली. एक पान, दोन पानं. आणि तिथे, राजपुत्र चोरावर तलवार उपसतो त्या ऐन गर्दीत, एक साधी ओळ अंग चोरून उभी होती. ‘पेलने कंदील उचलला आणि ती होडी बांधायला बाहेर गेली.’ पुढे भांडण, मारामारी, समेट, आणि सूप. पेल परत येते ती थेट पहाटे, ओली चिंब होऊन. मधल्या वेळात ती खाणावळीत नव्हतीच!

“ती घरातच नव्हती,” इंगा म्हणाली. मग ओरडली, “आई, ती घरातच नव्हती! होडीवर गेली होती! सूपवाली दुसरीच कुणीतरी आहे!”

“कोण घरात नव्हतं? काय चाललंय तुमचं दोघांचं?”

इंगाने सांगितलं. एका दमात, अर्धंमुर्धं, पण आईला कळलं. आई बुटांशेजारी जमिनीवरच बसली. तिने इंगाकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

“बाबा, तुम्ही ऐकत होता? एवढे महिने? सगळं?”

उक्की खुर्चीत टेकले. विजेरी मांडीवर ठेवली. त्यांनी लेकीकडे जरा खट्याळपणे पाहिलं आणि म्हणाले, “कॉफी झालीय.”

आई हसायला लागली आणि हसता हसता तिने तोंडावर स्वेटरची बाही धरली. मग ती उठली आणि तिने फोन उचलला. “कार्ल? हो, सगळं ठीक आहे. अरे, ठीक म्हणजे… तू बस आधी. बसून ऐक.”

इंगाने एक लांब श्वास सोडला. ख्रिसमसपासून छातीवर कुणी धोंडा ठेवला होता, आणि तो आता कुठे कुणी उचलला. तिच्या ध्यानात एक गोष्ट आली आणि तिला लाजही वाटली. तिने पेलचं प्रत्येक बोलणं मोजलं होतं, पण पेल खोलीत आहे की नाही, एवढं साधं पाहिलं नव्हतं. ते पाहिलं होतं उक्कींनी.

शनिवारी ती टेबलापाशी पोचली तेव्हा तिच्यासोबत उक्की होते. वाचनालयाच्या दारातल्या पायपुसण्यावर त्यांनी सावकाश एक बूट पुसला, मग दुसरा. मार्लनने ते पाहिलं मात्र, त्याच्याने राहवेना. डोमकावळ्याच्या आवाजात तो ओरडला, “पाय पुसून आत या!”

इंगाने वळून त्याच्याकडे डोळे वटारले. पण उक्की थांबले, त्यांनी मार्लनला आपादमस्तक न्याहाळलं, आणि तितक्याच घोगऱ्या आवाजात परतफेड केली, “कॉफी झालीय!” मग ते स्वतःच असे खदखदून हसले की अख्खं टेबल हसलं. एकदाच हसायचा नियम त्या दिवशी मोडला.

इंगाने आधी उक्कींच्या एकाच वाक्याबद्दल सांगितलं, मग पुरावा मांडला. मिसेस ट्वेट यांनी ती कंदिलाची ओळ दोनदा वाचली, मग पहाटेची ओळ वाचली आणि पुस्तक मिटलं.

“पेल बाहेर आहे. मार्लन?”

“मान्य,” मार्लन म्हणाला. “त्या वाचणाऱ्यानेच घोळ घातला. बाबांना सांगतो, ट्रकमध्ये आता छापील पुस्तकही ठेवू.” त्याने इंगाकडे पाहिलं. “पण शोधलंस भारी.”

“मी नाही. यांनी.”

“यांनी? कसं काय सांगितलं?”

“विजेरी घेऊन.”

मार्लनने उक्कींकडे नव्या आदराने पाहिलं आणि आपली खुर्ची जरा सरकवून त्यांच्या काठीला जागा करून दिली.

“एक लक्षात ठेवा,” मिसेस ट्वेट म्हणाल्या. “पेल म्हणजेच ओरा, हे आजही सिद्ध झालेलं नाही. होडी बुडाली नाही, एवढंच.”

“बुडाली नाही ना? बास,” इंगा म्हणाली. आपली होडी तिने उचलून बघितली, फुंकर मारून धूळ झटकली आणि परत कठड्यावर ठेवली. सहाव्या भागात लेखिका काय लिहायचं ते लिहील. बुडालीच तर बुडवू, तिच्या मनात आलं, आणि त्या विचाराची तिला भीती वाटली नाही.

“मग सूपवाली कोण?” मार्लनने कोरा कागद पुढे ओढला. “चुलीजवळ बसलीय, सूप वाढतेय, आणि नाव नाही. काहीतरी आहे यात.”

“त्याच दुपारी होडीतून एक म्हातारी आली होती, ती अक्रोड विकणारीच असेल,” इंगा म्हणाली.

“ती तर पहिल्या भागात मरते!”

“मरते कुठे? ‘नंतर दिसली नाही’ एवढंच लिहिलंय.”

उक्कींनी टेबलावर बोटांनी टकटक केलं. सगळे त्यांच्याकडे वळले.

“कॉफी झालीय,” ते ठामपणे म्हणाले.

“म्हणजे?” मार्लनने इंगाला विचारलं. “ते कुणाच्या बाजूने आहेत?”

“त्यांनाच विचार की,” इंगा म्हणाली. “समोर तर बसलेत.”

मार्लनने कागद आणि पेन्सिल उक्कींच्या डाव्या हाताशी सरकवली, आणि हवी ती ओळ बोटाने दाखवता यावी म्हणून पुस्तक त्यांच्यापुढे उघडं धरलं.