गोळकेरीचं पाणी

रविवार, ३ मे १९९८. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी अकोट्यातल्या एका सोसायटीत खतखड्ड्यातली गांडुळं विटांच्या कठड्यावर चढून बाहेर पडू लागली. तोवर फरशीवर ऊन आलं होतं. बाहेर पडलेली गांडुळं हातभरही गेली नाहीत.

पहिल्यांदा पाहिलं ते विश्वासराव मोहित्यांनी. खड्डा त्यांचा नव्हता. तरी रोज सकाळी ते तिथं चक्कर मारायचे. काही बिघडलंय का, ते बघायला.

विश्वासराव महापालिकेच्या रोपवाटिकेत मुकादम होते. आजोबा गायकवाडी फौजेत, वडील सरकारी बागेत माळी, आणि हे मुकादम. नोकरीत असताना अकरा वर्षं त्यांनी सोसायटीच्या मागच्या भिंतीशी पालापाचोळ्याचा खड्डा राखला. शेजारणी तिथून नाकाला पदर लावून जायच्या. शेवटी तक्रारी झाल्या आणि ते निवृत्त झाले त्याच वर्षी कमिटीनं तो बुजवून घेतला.

पुढच्या वर्षी त्याच जागेवर निरुपमा चित्रेंनी नवा खड्डा बांधला. बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. घराणं जुन्या दिवाणखात्यातलं. पादरा गावच्या एका शेतकऱ्याकडून त्यांनी गांडुळं आणली, वर हिरवी जाळी ताणली, चौतीस घरांत दोन-दोन बादल्या वाटल्या. एक ओल्या कचऱ्याची, एक सुक्याची. नाक धरणाऱ्या शेजारणी आता सकाळी बादली घेऊन रांगेत उभ्या राहू लागल्या. पेपरात फोटो आला. मधोमध निरुपमाबेन, हातात रबरी मोजे.

"पोटात दुखतंय तुमच्या," विजयमाला, विश्वासरावांची बायको, म्हणाली होती.

"मला कशाला दुखेल? चांगलंच काम आहे."

"मग तो फोटो कापून चष्म्याच्या घरात कशाला ठेवलाय?"

विश्वासरावांनी चष्मा पुसायला घेतला.

मंगळवारी वॉर्ड ऑफिसचे साहेब पाहणीला येणार होते. खड्डा पसंत पडला, तर नदीपलीकडच्या अकरा सोसायट्यांत तसेच खड्डे होणार होते, आणि तिथला ओला कचरा गावाबाहेर नेऊन ओतणं थांबणार होतं. नापसंत झाला, तर जागा स्कूटरी लावायला जाणार होती. सेक्रेटरी फत्तेसिंहरावांनी फरशीवर खडूनं रेघाही मारून ठेवल्या होत्या.

शुक्रवारी घरोघरी गोळकेरी, म्हणजे कैरीचं गोड लोणचं, घालायचं चाललं होतं. कैरीच्या फोडींना मीठ-हळद लावून ठेवली की पाणी सुटतं. त्यात गुंदे, म्हणजे भोकरं, भिजवतात, उरलेलं टाकून देतात. दुपारी चार वाजता अकरा नंबरमधली मोहना पिवळ्या पाण्याचं पातेलं घेऊन खड्ड्याशी आली. निरुपमाबेन वासण्याला बहिणीकडे गेल्या होत्या. कठड्यावर विश्वासराव बसले होते.

"काका, हे खाटुं पाणी ओल्यातच जाणार ने? मोरीत ओतलं तर आई ओरडते, चिकट होतं म्हणून."

रोपवाटिकेत एकदा मिठाची गोणी भिजून जास्वंदीचा आख्खा वाफा जळाला होता. तो विश्वासरावांनी स्वतःच्या हातानं उपटला होता. मीठ काय करतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"ओलंच आहे ना?" ते म्हणाले. "मग झालं."

मोहनानं ओतलं. तिचं बघून संध्याकाळपर्यंत आणखी सहा घरांनी ओतलं. विश्वासराव शेवटच्या पातेल्यापर्यंत तिथंच बसून होते.

रविवारी निरुपमाबेन धावत आल्या, त्या घरच्याच साडीत. गुडघे टेकून त्यांनी दोन्ही हात खतात घातले.

"मुकादम, असं कसं झालं हो? उकाड्यानं असेल. दुसरी जाळी घालायची, घालायची म्हणत राहिले. माझाच गाढवपणा."

फत्तेसिंहराव आलेच होते.

"बेन, मी म्हणत होतो ने? आता साहेबांना फोन करून ना पाडून टाकू, येऊ नका म्हणून. मंगळवारी फजिती नको."

"खाटुं पाणी तर नाही ना बाधलं?" मागून मोहनाचा आवाज आला. "पण मी काकांना विचारलं होतं."

सगळे विश्वासरावांकडे वळले.

"विचारलं होतं," ते म्हणाले. "मीच हो म्हटलं. मिठानं मरतात, ते मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं?" निरुपमाबेन म्हणाल्या. "मग का?"

कारण त्यांना नीट माहीत होतं. पण ते चारचौघांत उच्चारण्याइतकं मोठं नव्हतं. त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि ते खड्ड्यात उतरले.

"पोती आणा, भिजवून," ते वर न बघता म्हणाले. "आणि वासणा रोडच्या गवळ्याकडून शेण. जुनं, गार झालेलं. ताजं आणलंत तर उरलेलीही जातील."

सगळ्यात आधी मोहना हलली. दुपारी एकपर्यंत काम चाललं. पाण्याच्या टाकीखालच्या सावलीत शेणाचा बिछाना झाला. खतातून जिवंत गांडुळं एकेक वेचून त्यात सोडायची, वर ओलं पोतं. समोरच्या बाजूला निरुपमाबेन वेचत होत्या, मोजे न घालता. पोतं हवं असलं की त्या मोहनाला सांगत, विश्वासरावांना नाही. मेलेलं आणि जिवंत त्या नुसत्या बोटानं ओळखत होत्या. विश्वासरावांना तेच करायला चष्मा लागत होता. तेवढ्यातही त्यांच्या मनात कुठंतरी टोचलंच.

साहेब मंगळवारी साडेअकराला आले. गांडुळं काढलेला खड्डा पाहिला, पोतं उचलून पाहिलं, कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि गेले. काय लिहिलं, ते दाखवलं नाही.

बुधवारी सकाळी टाकीच्या खांबावर एक पुठ्ठा टांगलेला दिसला. अक्षर निरुपमाबेनचं. 'पाणी शिंपडणे: सकाळी चित्रे, संध्याकाळी मोहिते.' विश्वासरावांनी तो दोनदा वाचला. चित्रे वर होते, मोहिते खाली. संध्याकाळी सहाला ते झारी घेऊन गेले. पोत्याखाली काही हलत होतं, बरंचसं हलत नव्हतं. ती तगली की नाही, हे तीन आठवड्यांनी कळतं.

गुरुवारी दुपारपर्यंत वॉर्ड ऑफिसचा अभिप्राय आलेला नव्हता.