पळी माझ्या हाती आली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी कापडी बाहुली आहे आणि मला तोंड नाही. नाक नाही, डोळे नाहीत, केसही नाहीत. तरी आज बोलते आहे, कारण ज्यांनी माझ्यावर उपकार केले त्यांची नावं एकदा तरी घ्यावीत असं फार दिवसांपासून मनात आहे.

माझा जन्म मालाडच्या एका मराठी शाळेत झाला. पाचवीच्या कुंदाबाईंनी आपल्या जुन्या सुती साडीचा तुकडा घेतला, मधल्या सुट्टीत बसून मला शिवलं आणि पोटात कापूस ठासला. चेहरा त्यांनी मुद्दामच काढला नाही. गोष्ट रचायची तर आधी तिच्यातलं माणूस रचावं, असं त्यांचं म्हणणं. मुलांनी मला उचलायचं, कपडे चढवायचे, हातात काहीतरी द्यायचं, नाव ठेवायचं आणि मग गोष्टीला लागायचं.

माझं सामान दोन पिशव्यांत असे. निळ्या पिशवीत टोपी, तलवार, डॉक्टरांची नळी आणि पुठ्ठ्याची होडी. गुलाबी पिशवीत ओढणी, बांगड्या, केरसुणी, पोळपाट-लाटणं आणि भातुकलीतली एक लाकडी पळी. बाईंनी ही विभागणी केवळ सोयीसाठी केली होती. पण मुलगे निळ्या पिशवीशी आणि मुली गुलाबीशी रांग लावू लागले, आणि ते कुणालाच वावगं वाटलं नाही.

निळी पिशवी उघडली की मी शूर व्हायचे, आणि मग मला रडायची बंदी. गुलाबी उघडली की मी राजकन्या, आणि मग रडण्यावाचून दुसरं कामच नाही! राक्षसाने मला इतक्यांदा पळवून नेलं की पुढेपुढे तो यायच्या आधीच मी तयार होऊन बसायचे. गोष्टीतल्या आया तर कायम चुलीपाशी. खरं म्हणजे त्याच मुलांच्या आया बँकेत, दवाखान्यात, मासळीबाजारात कामाला जात. गोष्टीत येताना मात्र सगळ्या जणी गुपचूप नोकरी सोडून येत. मला याची गंमत वाटे आणि थोडं वाईटही वाटे.

तरी ते दिवस सुखाचे होते. मुलं माझ्यासाठी भांडत, बाहेरचे पाहुणे माझं कौतुक करत. मग वर्गात मोठा पडदा आला, त्यावर हलती-बोलती चित्रं आली आणि माझी रवानगी कपाटाच्या माथ्यावर झाली. तिथे धूळ खात पडून राहिले. बाईंना माझा विसर पडला असं वाटून मी मनातल्या मनात झुरत होते.

पण यंदा शाळेने कथाकथनाची स्पर्धा ठेवली. बाईंनी मला खाली उतरवलं, झटकलं, उन्हात ठेवलं. "चला, आता तुम्हीच हिला माणूस करा," त्या मुलांना म्हणाल्या. मला अगदी धन्य वाटलं.

त्या वर्गात भाविका होती. मढच्या कोळीवाड्यातली, बोलायला कमी, पण नजर चौकस. तिने निळ्या पिशवीतून होडी काढली, टोपी काढली. मग गुलाबी पिशवीत हात घालून पळी काढली आणि ती माझ्या हाताला बांधली. टोपीखाली पळी! अशी मी आजवर कधीच झाले नव्हते.

"हे माझे बाबा," ती म्हणाली. "बोटीवर सगळ्यांचं जेवण तेच करतात. एकदा भर समुद्रात इंजिन बंद पडलं. वारा सुटलेला, खलाशी घाबरलेले. बाबांनी हलत्या बोटीवर स्टोव्ह पेटवला आणि कालवण-भात केला. पोटात गरम पडल्यावर सगळ्यांना धीर आला, मग त्यांनी इंजिन दुरुस्त केलं."

"ए, कालवण करणारा हिरो असतो का यार?" मिहिर ओरडला. "ही तर वाट लागली हिरोची!"

वर्ग खो-खो हसला. भाविकाचे कान लाल झाले.

बाईंनी सगळ्यांना दटावलं, पण नंतर तिला जवळ घेऊन म्हणाल्या, "भाविका, गोष्ट छान आहे गं. पण त्यांना वादळाशी झुंजू दे ना. पळी नको, ती किनाऱ्यावरच्या आईच्या हातात शोभेल."

बाईंचा हेतू चांगलाच होता. भाविकाने पळी सोडली आणि माझ्या हातात तलवार आली. नव्या गोष्टीत बाबा शार्क माशाला मारत आणि आई किनाऱ्यावर वाट पाहत रडत बसे. सराव करताना तिचा आवाज रोज थोडा बारीक होत गेला. ज्या माणसाचा तिला एवढा अभिमान, तोच तिच्या गोष्टीतून निघून गेला होता. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण तोंड कुठून आणू?

स्पर्धेच्या दिवशी तिचे वडील हरेश्वर आणि आई कमळ दुसऱ्या रांगेत बसले होते. कमळबाई बाजार आटपून थेट आल्या होत्या. भाविका मला घेऊन उभी राहिली आणि सांगू लागली, "...आणि किनाऱ्यावर आई नुसती रडत बसली होती."

"मी?" कमळबाईंच्या तोंडून मोठ्याने निघालं. "मी कवा रडत बसले गो? मना बाजारान जावाचा व्हता!"

सभागृहात हशा पिकला. पण हा हशा वेगळा होता, त्यात टोचणारं काही नव्हतं. भाविकाही हसली. मग माझ्या हातातली तलवार तिने सोडवली आणि बाजूला उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं.

"बाई, पळी द्या ना."

कुंदाबाई स्वतः धावत जाऊन पळी घेऊन आल्या. "चुकलंच माझं," त्या हळूच म्हणाल्या. "सांग, जशी घडली तशी सांग."

भाविकाने सगळं सांगितलं. स्टोव्ह, वारा, कालवण, आणि मासळी विकून घर चालवणारी आईसुद्धा. वेळ संपल्याची घंटा होऊनही ती थांबली नाही, त्यामुळे बक्षीस हुकलं. हरेश्वर मात्र उपरण्याने डोळे पुसत होते. शूर माणसाला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. टाळ्या थांबल्यावर मिहिर जवळ आला.

"तुझ्या बाबांचं कालवण मला पण खायचंय," तो म्हणाला.

"ये ना रविवारी. पण भांडी तू घासायची," भाविका म्हणाली.

मित्रांनो, मी या सगळ्यांची ऋणी आहे. भाविकाची, खरं बोलून टाकणाऱ्या कमळबाईंची, आणि चूक कळताच धावलेल्या माझ्या बाईंची तर सर्वांत जास्त. त्यांनी त्याच आठवड्यात दोन्ही पिशव्या उसवल्या आणि जोडून एक मोठी पिशवी शिवली. आता होडी आणि पळी एकमेकींवर आपटत असतात.

तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. मला जपा, धूळ झटका, फाटले तर टाका घाला. आणि मला कुणाचं सोंग देण्याआधी आपल्या घरातल्या माणसांकडे एकदा नीट बघून या. मला तोंड नाही, म्हणजे तुम्ही द्याल तेच माझं तोंड.

काल मिहिरची पाळी होती. त्याने पिशवीत न बघता हात घातला आणि हाताला केरसुणी लागली. मी त्याच्या मांडीवर होते. आता तो ती परत टाकेल, असं मला वाटलं. त्याने ती माझ्या हाताला बांधली आणि म्हणाला, "हे माझे आजोबा."