पाचाचं वाकडं नाणं

बाबा एसटीत कंडक्टर होते, नागपूर-नरखेड मार्गावर. टाकसाळीत चुकीचं छापलेलं नाणं दिवसाच्या वसुलीत दिसलं, की ते खिशातलं चांगलं नाणं डेपोत भरायचे आणि वाकडं घरी आणायचे. सरकारच्या चुका अशा प्रकारे त्यांनी तीस वर्षं रोख मोजून विकत घेतल्या. निवृत्तीच्या सत्कारात याचा उल्लेख कोणी केला नाही.

ते गेल्यावर बिस्किटांचा डबा उरला, काठोकाठ नाण्यांनी भरलेला.

"भंगार हाय, ताई," धाकटा भाऊ जितेंद्र म्हणाला. "बाबाले नाण्यातलं काही समजत नव्हतं. मंदिराच्या पेटीत टाकून मोकळे होऊ."

पेटीचं मला काही नव्हतं. समजत नव्हतं, हे लागलं. शेवटी ठरलं : जाणकाराला दाखवायचं. एक जरी नाणं खरं निघालं, तर डबा घरात राहील.

सीताबर्डीवर नाण्यांचं प्रदर्शन होतं. तिथे जुन्या नाण्यांचा व्यापार करणाऱ्या बाबनरावांनी डोळ्याला भिंग लावलं आणि एकेक नाणं बाजूला सारायला सुरुवात केली.

"हे दहाचं. मधला गोल हातोडीनं पाडला कोणीतरी, ओरखडे पाहा. हे दोनचं रेल्वेच्या रुळावर ठेवलेलं. ही टाकसाळीची चूक नाही, पोट्ट्यांची हाय."

प्रत्येक नाण्यागणिक जितेंद्रचा चेहरा उजळत होता. डब्याचा तळ दिसू लागला.

मग जुनं, जाडं पाचाचं आलं. बाबनरावांनी ते पुस्तकाचं पान उलटावं तसं उलटलं. मागची बाजूही सरळच दिसायला हवी. इथे सिंह आडवे झाले होते.

"हे खरं! छापताना साचाच फिरला होता." त्यांनी नाणं दिव्याखाली तिरकं धरलं आणि कपाळावर हात मारला. "पण घासलं काहून हे? सगळी मूळ झिलई गेली. न घासता आणलं असतं तर मीच हजार दिले असते. आता पाचाचे पाच."

"पाहिलं वं?" जितेंद्र म्हणाला.

"कोणाचं होतं?" बाबनरावांनी विचारलं.

"आमच्या बाबांचं," मी म्हणाले.

"राग नका मानू, ताई. ज्याले समज हाय तो माणूस नाणं घासत नाही. त्यांनी हे गमतीनंच ठेवलं असेल."

तेरवीला बाबांच्या फोटोपुढे ठेवायला म्हणून देवाच्या भांड्यांबरोबर मीच ते चिंच-मीठ लावून घासलं होतं. तारेच्या घासणीने, दोनदा. चकचकीत झाल्यावर इतकं बरं वाटलं होतं, की नंतर थोडी रडलेही. गप्प राहिले असते तर दोष बाबांच्या नावावर गेला असता. हरकत घ्यायला ते नव्हते.

"मी घासलं," मी म्हणाले. "ते गेल्यावर. त्यांनी तर कधी साध्या फडक्यानेही पुसलं नाही. कडेला धरायचे, आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत."

बाबनरावांनी भिंग काढलं.

"मग माणूस जाणकार होता."

"परत एकदा म्हणा. माझ्या भावाला कमी ऐकू येतं."

"येते वं ऐकू," जितेंद्र पुटपुटला, आणि टेबलावर पसरलेली नाणी डब्यात भरू लागला. जाडं पाचाचं त्याने कडेला धरून उचललं.