तुळसाच्या नावाची बाटली

गुरुदत्त कर्णिक हे कल्याण स्टेशनातले टीसी. एकवीस वर्षं गेटवर उभे राहिले आणि एकवीस वर्षांत कुणाची गय केली नाही. मुलीच्या, चित्राच्या, बारशाला त्यांचा सख्खा मेव्हणा ठाण्याहून विनातिकीट आला, तर त्याची पावती फाडली. वर म्हणाले, "घरी जेवायला थांबा हं, श्रीखंड केलंय." मेव्हणा जेवला नाही. पुढची चार वर्षं बोललाही नाही. कर्णिकांना त्याचं काही वाटलं नाही, कारण पावती बरोबर होती.

असा हा माणूस पंचावन्न सालच्या मार्चअखेरीला निवृत्त झाला. कोट परत केला, टोपी परत केली, रेल्वेचं क्वार्टर सोडलं आणि डोंबिवलीत दोन खोल्या घेऊन राहिला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. अडचण एकच होती, पण ती चांगलीच मोठी होती. बायकोला, मंदाकिनीबाईंना, मधुमेह होता, आणि तिचं इन्शुलिन रेल्वेच्या दवाखान्यातून येत असे. दर गुरुवारी कर्णिक कल्याणच्या दवाखान्यात रांगेत उभे राहायचे, कार्ड दाखवायचे, बाटली घ्यायचे. नोकरी संपली तसं कार्डही संपलं.

मुलगा आनंद रेल्वेतच चिकटला होता, पण हंगामी कारकून. जुलैत कायम झाला की आईबापांची नावं त्याच्या कार्डावर चढणार होती. म्हणजे मधले तीन महिने काढायचे होते. आता म्हणाल, तीन महिने ते काय! पण इन्शुलिनची सुई रोज सकाळी टोचावी लागते हो, जुलैपर्यंत थांब असं तिला सांगता येत नाही.

शेवटच्या गुरुवारी रांगेत त्यांच्यापुढे पंढरी होता. पंढरी खडवलीचा, कल्याण यार्डात खलाशी, म्हणजे हातोडा चालवणारा मजूर. त्याच्या बायकोला, तुळसाला, हाच आजार, त्यामुळे वर्षभर दोघं दर गुरुवारी मागंपुढं उभे असत. बोलणं फारसं नसे. "काय आला आज?" एवढं विचारायचं. दुसऱ्यानं रंग सांगायचा, निळा, हिरवा, पिवळा. कारण घरोघरी रोज सकाळी लघवी तपासायची असे. परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, आणि विटकरी झालं तर मग देवाचं नाव घ्यायचं.

त्या दिवशी पंढरी रांगेत उभा होता खरा, पण खिडकीशी गेला नाही. बाजूला होऊन कर्णिकांसाठी थांबला.

"सायेब, ती गेली. बारा दिस झालं. म्हायेरी होती."

कर्णिक म्हणाले, "अरेरे." अशा वेळी याहून जास्त बोलायची त्यांना सवय नव्हती.

"तिचा कारड आजून माज्याकडंच हाय. आज परत कराला आलतो." पंढरीनं आवाज खाली आणला. "पन तुमचा बंद व्हनार ना आता? बाई तर हाय तुमची. आत कुनाला ठाव नाय. घ्या ना तीन म्हयने."

कर्णिकांचा चेहरा गेटवर व्हायचा तसा झाला. "पंढरी, हे मेलेल्या माणसाच्या तिकिटावर प्रवास करण्यासारखं आहे. आजच्या आज कार्ड परत कर."

"बरा सायेब," पंढरी म्हणाला आणि निघून गेला.

मग बाटल्या दुकानातून यायला लागल्या. एका बाटलीच्या पैशात घरची आठवड्याची भाजी आली असती. फंडातला मोठा तुकडा चित्राच्या लग्नात आधीच गेला होता, उरलेला हातात पडायला वेळ होता. आनंदच्या हंगामी पगारात भाडं आणि वाणी भागत होता. कर्णिकांनी आधी वर्तमानपत्र बंद केलं, मग सुपारी, मग दुपारचा चहा. चहाचं मंदाकिनीबाईंनी विचारलं तर म्हणाले, "पित्त होतं."

पण देव काही अगदीच आंधळा नव्हता म्हणायचं. एप्रिलच्या मध्यापासून तपासणी सुधारली. बाई सकाळी मोरीतून लहानशी बाटली आणून खिडकीत ठेवायच्या, कर्णिक स्टोव्ह पेटवून आठ थेंब मोजायचे, आणि रंग निळाच्या निळा! एक दिवस नव्हे, रोज. डॉक्टरांनी मागेच बजावलं होतं, की सतत निळा आला तर सुई कमी करा, नाहीतर घाम फुटून बाई बेशुद्ध पडतील. कर्णिक नियमाचे पक्के. पिचकारीवरच्या अठ्ठावीस खुणांवरून चोवीसवर आले, चोवीसवरून अठरावर. मेच्या पहिल्या आठवड्यात दहावर. आठवड्याची बाटली वीस दिवस पुरायला लागली.

"बघ, भात सोडल्याचा गुण," ते म्हणत. "सगळं पथ्यात असतं, मंदा."

"हो ना," बाई म्हणत, आणि तांब्या तोंडाला लावत. बाई वाळत चालल्या होत्या, पण उन्हाळ्यात कोण वाळत नाही? पाणी पीत होत्या, पण मे महिन्यात कोण पीत नाही? कर्णिकांनी ही उत्तरं स्वतःच स्वतःला देऊन टाकली.

एका बुधवारी सकाळी पाय धुवायला ते मोरीत गेले, तर कडेला मुंग्यांची रांग. पाणी ओतून दिली घालवून. थोड्या वेळानं पाहिलं तर पुन्हा हजर. गुळाचा डबा पाहिला, घट्ट बंद. कर्णिक मोरीच्या काठावर उकिडवे बसले आणि गेटवर गर्दीतून एखाद्या माणसावर नजर ठेवावी तशी त्या रांगेवर नजर ठेवली. रांग भिंतीतून निघत होती आणि जिथं बाई रात्री लघवीला बसायच्या, नेमकी तिथं जाऊन थांबत होती.

साखर नाही, तर मुंग्या कशाला येतील?

ते उठले. खिडकीतली बाटली उचलली, बूच काढलं, वास घेतला. कोऱ्या चहाचं पाणी होतं. फिकं, रंगापुरतं.

एकवीस वर्षं या माणसानं खोडलेल्या तारखांची तिकिटं हाताच्या अंतरावरून ओळखली होती. आणि रोज सकाळी स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोच्या हातचं खोटं तिकीट पाहून तो "बरोबर आहे" म्हणत आला होता. वर सुईही आपल्याच हातानं कमी केली होती. त्यांना एकदम भीती वाटली. इतकी, की बाटली हातातून सुटेल म्हणून त्यांनी ती परत खिडकीत ठेवली.

"मंदा, हे काय आहे?"

बाई चुलीपाशी होत्या. लपवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. "जुलैपर्यंत पुरवायचं होतं," त्या म्हणाल्या.

"अगं, मेली असतीस!"

"आणि तुम्ही? पित्त म्हणे! तीस वर्षं तुमच्यासोबत राहतेय, तुमचं पित्त मला कळत नाही होय? मी विचार केला, तुम्ही एक खोटं बोलता, तर मी एक बोलले."

कर्णिकांना रागवायचं होतं. पण डोळे भरून आले, आणि ते बाईंना दिसू नयेत म्हणून त्यांनी स्टोव्हला पंप मारायला घेतला. बाईंना खरी बाटली आणायला लावली. आठ थेंब टाकले. निळं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि उकळी फुटायच्या आत नळीत नवीन विटेचा रंग उतरला. माठापाशी ओल्या फडक्यात ठेवलेली इन्शुलिनची बाटली त्यांनी उजेडात धरली. पुरती सुई द्यायची तर दोन दिवसांचं औषध होतं. पहिली तारीख यायला एकोणीस दिवस होते. औषधवाला उधार देत नव्हता.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. कर्णिकांनी कल्याणचं तिकीट काढलं आणि यार्डात जाऊन पंढरीला शोधून काढलं. हातातला हातोडा खाली ठेवून पंढरी उभा राहिला.

"कार्ड परत केलंस का रे?"

"नाय सायेब. तिचा नाव हाय त्याच्यावर. देववला नाय." मग त्यानं कर्णिकांच्या तोंडाकडं पाहिलं. "लाल आला काय?"

"विटकरी."

पंढरीनं यार्डातल्या साहेबांकडून दोन तास मागून घेतले आणि कर्णिकांच्या पुढं चालायला लागला.

खिडकीत विश्राम कंपाउंडर होता. कार्ड उघडून त्यानं कपाळाला आठी घातली. "तुळसा पंढरी. दोन महिने पत्ता नाही? एवढा खंड पडला तर पेशंटला डॉक्टरांपुढं आणावं लागतं. कुठंय बायको? कशी आहे?"

पंढरी कार्डाकडं बघत राहिला. त्याचा अंगठा शाईच्या गादीवर तसाच टेकलेला राहिला.

"ती नीट नाही," मागून कर्णिक म्हणाले.

विश्रामनं मान वर केली. "अरे, कर्णिकसाहेब! तुम्ही कुठं इकडे?"

"याच्याबरोबर आलोय. तिची सुई कमी पडली. काल सकाळी विटकरी आला, मी स्वतः पाहिला. रात्रभर पाणी पिते. इथवर चालत येणं तिला जमणार नाही."

सगळं खरं होतं, फक्त बाई दुसरी होती.

"तुम्ही पाहिलंत ना? मग झालं तर!" विश्रामनं वहीत लिहून टाकलं. "दुसरं कुणी असतं तर हलू दिलं नसतं. पण कर्णिकसाहेबांचा शब्द म्हणजे काय, आख्ख्या कल्याणला माहीत आहे." आणि बाटली खिडकीतून पुढं सरकवली.

बाहेर झाडाखाली पंढरीनं ती कर्णिकांच्या हातात दिली, पण बोटं लगेच सोडली नाहीत.

"सायेब, आत तुमी तिचा सांगत व्हतात ना, पानी पिते, चालवत नाय... मला घडीभर वाटला, हाय ती. घरी जायन तं असंल."

कर्णिकांनी त्याचा हात धरून ठेवला.

"फुडच्या बेस्तरवारी बी या," पंढरी पुढच्या गुरुवारचं म्हणाला. "येकट्याला नाय बोलवनार मला."

कर्णिक स्टेशनवर आले. गेटवर त्यांच्या जागी आलेला नवा टीसी उभा होता, सुधीर. त्यांना पाहून त्यानं सलाम ठोकला आणि हसून बाजूला झाला. "या साहेब, या. तुमचं काय तपासायचं!"

खिशात बाटली होती. दुसऱ्या हातात डोंबिवलीचं तिकीट होतं, रोख पैसे देऊन काढलेलं. कर्णिक जागचे हलले नाहीत. तिकीट त्यांनी सुधीरच्या डोळ्यांसमोर धरलं.

"बघ," ते म्हणाले. "नीट बघून घे रे."

सुधीरला वाटलं साहेब गंमत करताहेत. तरी त्यानं तिकीट घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाला, "बरोबर आहे."